चित्र लहान होते तेव्हा काय हरवते?

काही वर्षांपूर्वी एका शालेय विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. सातवीतल्या एका मुलीने मातीतील ओलावा ओळखणारे साधे उपकरण तयार केले होते. दोन खिळे, एक बॅटरी, एक ट्रान्झिस्टर आणि एक लहानसा दिवा. माती ओली असली की दिवा लागे, कोरडी झाली की विझे. उपकरणाला बक्षीस मिळाले. प्रमुख पाहुणे, आम्ही परीक्षक, मुख्याध्यापक आणि अगदी डाव्या टोकाला आपल्या टेबलाजवळ उभी असलेली ती मुलगी असे छायाचित्र निघाले. चार दिवसांनी तिच्या विज्ञानाच्या शिक्षिकेचा दूरध्वनी आला. "मॅडम, वेबसाइटवर फोटो आलाय, पण त्यात आमची मुलगीच नाही. ती विचारते, मला का काढलं?"

मी संकेतस्थळ उघडून पाहिले. चौकोनी चित्रात पाहुणे होते, मुख्याध्यापक होते, मीही होते. मुलगी नव्हती आणि उपकरणही नव्हते. गंमत म्हणजे तेच चित्र मी माझ्या संगणकावर उतरवून घेतले तेव्हा ते अख्खे निघाले. मुलगी जागच्या जागी होती! म्हणजे छायाचित्र कोणी कापले नव्हते. मूळ चित्र संकेतस्थळावर सुरक्षित होते. फक्त दाखवताना त्याच्या दोन्ही कडा झाकल्या जात होत्या. संबंधितांना विचारले तर उत्तर आले, "आम्ही काही केलेले नाही, ते आपोआप होते."

हे उत्तर खरे होते. पण ते पुरेसे होते का? संकेतस्थळांवर चित्रे लहान करण्याची आणि कापण्याची जी रीत आज रूढ झाली आहे, तिची चिकित्सा या प्रश्नाच्या निमित्ताने करायची आहे. ही रीत मुळात वाईट नाही. पण तिच्यात काही चुका गणिताच्या आहेत, आणि काही चुका जबाबदारीच्या आहेत. त्या वेगवेगळ्या ओळखायला हव्यात.

लहान करणे का भाग आहे?

आधी दुसरी बाजू पाहू. आजच्या साध्या मोबाइल फोनने काढलेले छायाचित्र ४००० × ३००० पिक्सेलचे, म्हणजे १ कोटी २० लाख चित्रबिंदूंचे असू शकते. समजा असे एक चित्र ४ मेगाबाइटचे आहे आणि एका पानावर अशी ४० चित्रे आहेत. ते पान उघडायला १६० मेगाबाइट माहिती आणावी लागेल. जिथे गच्चीवर गेल्याशिवाय फोनला रेंज मिळत नाही, अशा गावातल्या शिक्षकाने हे पान कधी पाहायचे? त्याऐवजी प्रत्येक चित्राची २०० × १५० पिक्सेलची छोटी आवृत्ती पाठवली तर काम काहीशे किलोबाइटमध्ये होते. म्हणून चित्रे लहान करणे ही वाचकाची सोयच आहे.

पण १ कोटी २० लाख बिंदूंच्या जागी ३० हजार बिंदू ठेवायचे, म्हणजे ४०० बिंदूंचे काम एकाने करायचे. २० × २० च्या चौकोनातील ४०० बिंदूंचा एक प्रतिनिधी निवडायचा. तो कसा निवडायचा, हा खरा प्रश्न आहे.

वर्गात करून पाहण्यासारखा प्रयोग

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ४०० पैकी कोणताही एक ठरावीक जागेचा बिंदू उचलायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. संगणकाला हे फार झटपट जमते. त्यात काय बिघडते ते पाहण्यासाठी संगणकाची गरज नाही. आलेख कागद पुरे.

आलेख कागदावर २४ उभे स्तंभ घ्या. पहिला काळा, दुसरा पांढरा, तिसरा काळा, असे एकाआड एक रंगवा. आता हे चित्र निम्मे करायचे म्हणून प्रत्येक दुसरा स्तंभ उचला. १, ३, ५, ७ उचलले तर सगळे चित्र काळेकुट्ट होईल. २, ४, ६, ८ उचलले तर कोरे पांढरे. एकाच चित्राच्या दोन छोट्या आवृत्त्या, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट!

आता चित्र एकतृतीयांश करा. प्रत्येक तिसरा स्तंभ उचला: १, ४, ७, १०. पहिला काळा, चौथा पांढरा, सातवा काळा, दहावा पांढरा. पुन्हा सुबक पट्टे दिसू लागले. विद्यार्थी म्हणतील, वा, हे बरोबर आले. पण नीट विचार करा. छोट्या चित्रातील प्रत्येक पट्टा मूळ चित्रातील तीन स्तंभांची जागा व्यापतो. म्हणजे आता दिसणारे पट्टे मूळ पट्ट्यांच्या तिप्पट रुंदीचे आहेत. मूळ चित्रात असे पट्टे नव्हतेच. ते लहान करण्याच्या क्रियेतून जन्मले आहेत.

बारीक रेघांच्या सदऱ्यातील माणसाचे छायाचित्र लहान केले की सदऱ्यावर लाटांसारखी नक्षी उमटते ती याच कारणाने. चित्रपटात धावत्या गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. तिथे नमुने काळात घेतले जातात, इथे जागेत, एवढाच फरक. एखाद्या आवर्तनाची नोंद करायची तर प्रत्येक आवर्तनात दोनपेक्षा जास्त नमुने हवेत, हा नियम हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या लेखनातून आपल्यापर्यंत आला. तो मोडला की माहिती नुसती हरवत नाही, तिच्या जागी खोटी माहिती येते. हरवण्यापेक्षा हे अधिक गंभीर आहे.

उपाय म्हणजे एक बिंदू उचलण्याऐवजी सरासरी काढणे. दोन-दोन स्तंभांची सरासरी घेतली तर आपले पट्टे जाऊन सर्वत्र सारखा करडा रंग येईल. पट्टे दिसत नाहीत, पण हे चित्र प्रामाणिक आहे. 'येथे काळे-पांढरे निम्मे-निम्मे आहे, त्याहून बारीक काही मला दाखवता येत नाही', एवढेच ते सांगते. तीन-तीनची सरासरी मात्र विद्यार्थ्यांना जरूर काढायला लावा. पहिल्या तिघांत दोन काळे आणि एक पांढरा, पुढच्या तिघांत एक काळा आणि दोन पांढरे. म्हणजे गडद, फिकट, गडद, फिकट! खोटे पट्टे मंद झाले, पण गेले नाहीत. म्हणून चांगल्या पद्धतींमध्ये शेजारच्या चौकोनांतील बिंदूही हिशेबात घेतात आणि जवळच्याला जास्त, दूरच्याला कमी भार देऊन सरासरी काढतात.

सरासरी कशाची?

येथे आणखी एक चूक दडलेली आहे, आणि ती चांगल्या चांगल्या प्रणालींमध्येही आढळते. संगणकात चित्रबिंदूची उजळी ० ते २५५ या आकड्यांनी साठवतात. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. मग १२८ म्हणजे निम्मा प्रकाश का? नाही. आपल्या डोळ्यांना अंधाऱ्या छटांमधला फरक जास्त जाणवतो, म्हणून हे आकडे प्रकाशाच्या सम प्रमाणात ठेवलेले नसतात. नेहमीच्या संकेतपद्धतीत १२८ या आकड्याला पडद्यावरून येणारा प्रकाश पांढऱ्याच्या सुमारे २२ टक्केच असतो. निम्म्या प्रकाशासाठी आकडा १८८ लागतो.

आता रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र घ्या. चार बिंदूंच्या एका चौकोनात एक तारा आहे. एक बिंदू पूर्ण पांढरा आणि तीन काळे. चारांचा एक करायचा तर प्रकाश एकचतुर्थांश, म्हणजे २५ टक्के राहायला हवा. पण प्रणालीने साठवलेल्या आकड्यांचीच सरासरी काढली तर २५५ भागिले ४, म्हणजे ६४ येतात, आणि ६४ या आकड्याचा प्रकाश असतो सुमारे ५ टक्के. तारा पाचपट मंद झाला! अनेक छोट्या चित्रांतून आकाशातले तारे नाहीसे होतात, यामागे हेही एक कारण आहे. योग्य रीत अशी की आकड्यांचे आधी प्रकाशात रूपांतर करावे, मग सरासरी काढावी आणि पुन्हा आकड्यात आणावे. ही रीत माहीत नाही असे नाही. ती वापरायला संगणकाला थोडा अधिक वेळ लागतो, म्हणून टाळली जाते.

सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या चित्रांच्या बाबतीत तर एक चूक आपण शिक्षकच करतो. चित्राखाली लिहितो, 'कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी, ४०० पट मोठ्या'. हे विधान छापील पानावर, ठरावीक मापात खरे असू शकते. तेच चित्र फोनवर तळहाताएवढे आणि वर्गातील भिंतीवर दोन मीटरचे दिसते. दोन्हीकडे ते ४०० पट कसे असेल? त्यापेक्षा चित्राच्या आतच १०० मायक्रोमीटर लांबीची मोजपट्टी काढावी. चित्र लहान झाले की पट्टीही तेवढीच लहान होते आणि माप खरे राहते. अर्थात, ती पट्टी कापली गेली नाही तर! कारण अशी पट्टी आपण बहुधा उजव्या कोपऱ्यात, खाली, कडेला काढतो.

कापण्याचे गणित

लहान करताना सगळेच थोडे थोडे हरवते. कापताना काही पूर्ण राहते आणि काही पूर्ण जाते. म्हणून कापणे ही वेगळी क्रिया आहे. ती निवड आहे.

संकेतस्थळाची रचना करणारा पानावर ठरावीक आकाराच्या चौकटी आखून ठेवतो. येणारी चित्रे मात्र आडवी, उभी, लांबट, कशीही असतात. चौकट आणि चित्र यांचे प्रमाण जुळले नाही तर तीन मार्ग असतात. चित्र ताणून बसवायचे, मग माणसे चपटी किंवा उंचाडी दिसतात. चित्र पूर्ण बसवून उरलेल्या जागी कोरी पट्टी सोडायची. किंवा चौकट भरेपर्यंत चित्र मोठे करायचे आणि बाहेर जाईल ते कापायचे. पान नीटनेटके दिसते ते तिसऱ्या मार्गाने, म्हणून तोच लोकप्रिय आहे. आणि वेगळे काही सांगितले नाही तर चित्राचा मध्य चौकटीच्या मध्यावर ठेवला जातो.

३:२ प्रमाणाचे छायाचित्र चौरसात बसवले की रुंदीचा एकतृतीयांश भाग जातो, डावीकडून एकषष्ठांश आणि उजवीकडून एकषष्ठांश. छायाचित्रभर बारा जण एका ओळीत उभे असतील तर दोन्ही टोकांचे दोन-दोन, म्हणजे चौघे गेले. आता आपल्या शाळेतील सामूहिक छायाचित्र आठवा. मध्ये कोण असते? पाहुणे, संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक. कडेला कोण असते? शिपाईमामा, प्रयोगशाळेतील मदतनीस, नवीन आलेल्या बाई, लाजरी मुले. यंत्राला यातले काहीच माहीत नाही. ते फक्त मध्य ठेवते. पण मध्यात कोणी उभे राहायचे हे समाजाने आधीच ठरवलेले असल्याने यंत्राचा निःपक्षपाती नियम नेमका तोच क्रम पुढे चालवतो.

विज्ञानाच्या चित्रांचीही हीच गत होते. आलेखाचे अक्ष आणि त्यावरील आकडे कडेलाच असतात. नकाशाची सूची, प्रमाण आणि उत्तर दिशेचा बाण कोपऱ्यात असतो. समजा भारताचा नकाशा एका चौरसात वर-खाली टेकेल असा काढला आहे, आणि संकेतस्थळाची चौकट १६:९ प्रमाणाची आहे. मग उंचीचा फक्त ५६ टक्के भाग उरेल आणि वरून-खालून सुमारे २२-२२ टक्के कापले जाईल. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३२१४ किलोमीटर. तिचे २२ टक्के म्हणजे सुमारे ७०० किलोमीटर. ढोबळमानाने वरून लडाख, जम्मू-काश्मीर आणि हिमाचल प्रदेशाचा बहुतेक भाग गेला, खालून केरळ आणि तमिळनाडू गेले. गोवा जेमतेम वाचेल! भूगोलाच्या तासाला हा नकाशा विद्यार्थ्यांना कात्रीने कापायला द्यावा. गणित आणि भूगोल दोन्ही पक्के होतील.

यंत्राला 'महत्त्वाचे' कळते का?

आंधळेपणाने मध्य ठेवण्यापेक्षा चित्रातला महत्त्वाचा भाग ओळखून तो ठेवावा, असे कोणालाही वाटेल. तसा एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचा शेवट उद्बोधक आहे.

ट्विटर (आजचे एक्स) या संकेतस्थळाने जानेवारी २०१८ मध्ये अशी पद्धत जाहीर केली. माणसे चित्र पाहताना त्यांची नजर प्रथम कोठे जाते, याच्या नोंदी उपलब्ध असतात. त्यांवरून संगणकाला शिकवले गेले. नवे चित्र आले की संगणक त्यातील जागांना 'लक्षवेधकते'चे गुण देई आणि सर्वाधिक गुण मिळालेल्या जागेभोवती चौकट ठेवी. सप्टेंबर २०२० मध्ये काही वापरकर्त्यांनी त्याची परीक्षा घेतली. लांबलचक उभ्या चित्राच्या एका टोकाला गोऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या टोकाला काळ्या माणसाचा चेहरा ठेवून त्यांनी ती चित्रे पाठवली, आणि संगणक गोरा चेहरा निवडतो असे दाखवणारी उदाहरणे जगभर फिरली.

थोड्या उदाहरणांवरून निष्कर्ष काढू नये हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. म्हणून पुढे जे झाले ते महत्त्वाचे. कंपनीच्याच संशोधकांनी चेहऱ्यांच्या अनेक जोड्या घेऊन पद्धतशीर चाचणी केली आणि मे २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. समान संधीच्या तुलनेत स्त्रियांच्या बाजूने ८ टक्क्यांचा, तर गोऱ्यांच्या बाजूने ४ टक्क्यांचा कल आढळला. म्हणजे फिरणाऱ्या उदाहरणांवरून वाटला तितका कल मोठा नव्हता, पण तो होता. आणि चित्र कसे कापावे हा निर्णय माणसांनीच घेतलेला बरा, अशा निष्कर्षाला ते आले. नेहमीच्या प्रमाणातील चित्रे फोनवर न कापता दाखवण्यास त्याच महिन्यात सुरुवात झाली.

यातील एक मुद्दा शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. सर्वाधिक गुणांची एकच जागा निवडायची, हा नियमच फरक वाढवणारा आहे. एका चेहऱ्याला १०० आणि दुसऱ्याला ९९ गुण मिळाले, तर गुणांत फरक एका टक्क्याचा असतो, पण निकालात एक पूर्ण राहतो आणि दुसरा पूर्ण जातो. अर्ध्या गुणाने पहिला क्रमांक हुकलेल्या मुलाचे नाव फळ्यावर येत नाही, तसेच हे. शिवाय नजर प्रथम कोठे जाते आणि महत्त्वाचे काय आहे, हे दोन प्रश्न एक नाहीत. प्रदर्शनाच्या छायाचित्रात नजर पाहुण्यांच्या फेट्याकडे जाईल. महत्त्वाचे होते ते दोन खिळे आणि तो दिवा.

माणसे चुकत नाहीत का?

चुकतात. जानेवारी २०२० मध्ये दावोस येथे हवामानबदलाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या पाच तरुणींचे छायाचित्र एपी या वृत्तसंस्थेने काढले. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत चौघी होत्या. युगांडाची व्हनेसा नाकाटे तेवढी कापली गेली होती. ती एका कडेला उभी होती, आणि पाचही जणींत आफ्रिकेतून आलेली तीच एक होती. मागची इमारत रचनेत खटकत होती म्हणून कापले, असे स्पष्टीकरण देण्यात आले. नाकाटेने जाहीरपणे जाब विचारला. वृत्तसंस्थेने चूक मान्य करून क्षमा मागितली आणि मूळ चित्र प्रसिद्ध केले.

दोन्ही प्रसंगांत कडेची व्यक्ती गेली, पण एक फरक आहे. नाकाटेच्या बाबतीत 'का कापले?' हा प्रश्न विचारायला कोणीतरी होते. आमच्या सातवीतल्या मुलीच्या बाबतीत नव्हते. छायाचित्रकार म्हणाला मी अख्खे काढले, चित्र चढवणारा म्हणाला मी अख्खे चढवले, आणि रचना करणाऱ्याला हे चित्र येणार हे ठाऊकच नव्हते. 'आपोआप होते' या उत्तरावर माझा आक्षेप आहे तो यासाठी. चौकट चौरस असावी, ती भरलीच पाहिजे आणि मध्य तेवढा ठेवावा, हे तीन निर्णय कोणीतरी, केव्हातरी घेतलेले असतात. ते एकदाच घेतले आणि मग विसरले गेले, म्हणून ते निसर्गनियम ठरत नाहीत.

कापण्याला सरसकट विरोध नाही. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ मधून काढलेले पृथ्वीचे जगप्रसिद्ध छायाचित्र मूळ चौकटीत दक्षिण ध्रुव वर असलेले आहे. आपण पाहतो ते फिरवून, कडा नीट करून घेतलेले. पण मूळ चित्रही खुले आहे आणि कोणीही ताडून पाहू शकतो. संशोधनाच्या जगातही अनेक नियतकालिके आता कापलेल्या चित्रासोबत मूळ चित्र मागतात. अट तीच आहे: कापा, पण कापले आहे हे सांगा आणि मूळ हाताशी ठेवा.

संकेतस्थळांकडूनही एवढीच अपेक्षा आहे. छोट्या चित्रावर बोट ठेवले की अख्खे चित्र दिसावे. चित्र चढवणाऱ्याला 'हा भाग ठेवा' असे सांगण्याची सोय असावी. तशी सोय करणे तंत्रज्ञांना अवघड नाही, चौकटीतील चित्राची जागा एका सूचनेने बदलता येते. आलेख, नकाशे आणि मोजपट्टी असलेली चित्रे कधीच कापू नयेत. कोरी पट्टी राहिली तर राहू द्यावी, तिने कोणाचे नुकसान होत नाही. शाळेचे संकेतस्थळ किंवा शाळेच्या गटावर टाकायची चित्रे ज्यांच्या हाती आहेत, त्या शिक्षकांनी चित्र चढवल्यावर ते एकदा फोनवर आणि एकदा संगणकावर उघडून पाहावे, चारही कडा तपासाव्यात. दोन मिनिटांचे काम आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिले? "तुला कोणी काढलेले नाही, पण तू राहशील याची काळजीही कोणी घेतली नाही," असे मी बाईंकरवी कळवले आणि अख्खे छायाचित्र पाठवले. पुढच्या आठवड्यात बाईंचा पुन्हा दूरध्वनी आला. मुलीने छायाचित्राची छापील प्रत घेऊन, पट्टीने मोजून, कोणता चौरस उरतो तो पेन्सिलीने आखला होता आणि आपण त्या रेषेपासून किती सेंटिमीटर बाहेर उभे होतो ते काढले होते. "पुढच्या वेळी," ती म्हणाली, "मी टेबलच मध्ये लावायला सांगणार."